चार घागरी पाणी

मे महिना संपत आला, रोहिणीचे ऊन डोक्यावर आले, की आमच्या कबनुरात घराघरांच्या मागून कुदळीचे आवाज येऊ लागतात. यंत्रमागांचा खडखडाट तर बारा महिने असतोच आणि त्याला आमचे कान इतके सरावले आहेत की वीज गेली तरच दचकायला होते. पण कुदळीचा आवाज त्यातूनही ओळखू येतो. कुणी वाफे खणत असते, कुणी दोडक्याच्या मांडवासाठी काठ्या जमवत असते, कुणी वर्षभर साठवलेल्या शेणखताचा ढीग उकरत असते. पुण्या-मुंबईकडे याला परसबाग म्हणतात. आमच्याकडे ते परडं. बाग म्हटले की गुलाब-मोगरा डोळ्यांसमोर येतो. परडे म्हटले की वांगी, गवारी, पोकळा आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेले अळू.

परड्याचे पंचांग कॅलेंडरवरच्या तारखांनी चालत नाही, नक्षत्रांनी चालते. जूनच्या सात-आठ तारखेला मृग निघाला की भेंडी, गवारी, घेवडा टोकायचा, दोडका, कारले, पडवळ यांच्या बिया मांडवाच्या पायाशी लावायच्या. आर्द्रा-पुनर्वसूत वांग्या-मिरचीचे तरू लावायचे. पश्चिमेकडच्या घाटातल्या गावांत या दिवसांत पालेभाजी कुजून जाते, पण आमच्याकडे पाऊस बेताचा म्हणून कोथिंबीरसुद्धा तग धरते. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे रब्बीच्या भाज्यांची. मेथी, मुळा, चाकवत, पालक तेव्हा पेरले की दिवाळीनंतर ताटात येतात आणि वाल-पावट्याचे वेल थंडी पडली की शेंगांनी लगडतात. संक्रांतीपर्यंत परडे मालकिणीला काही मागत नाही. ते देतच असते. खरा प्रश्न शिमग्यानंतर सुरू होतो.

एक साधा हिशोब मी दर उन्हाळ्यात करतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा एक वाफा घ्या. मार्च ते मे या दिवसांत तो हिरवा ठेवायचा तर त्याला रोज पन्नासेक लिटर, म्हणजे चार घागरी पाणी लागते. शंभर दिवसांचे झाले पाच हजार लिटर. एवढे पाणी त्या वाफ्यावर एकदम उभे केले तर ते सुमारे ५४० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन फूट भरेल. आता गंमत पाहा. आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यात अख्ख्या वर्षात जो पाऊस पडतो, तो साधारण एवढाच. म्हणजे उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत एक भाजीचा वाफा त्याच्यावर पडलेला वर्षाचा पाऊस एकटा पिऊन टाकतो. मग एप्रिलमध्ये आमच्या परड्यात जी काकडी लागते आणि पोकळ्याची जी जुडी निघते, ती कुणाच्या पावसावर?

या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो की मी दर वेळी एकाच माणसापाशी पोहोचतो. राजर्षी शाहू महाराज. त्यांच्यावर आपल्याकडे इतके लिहिले गेले आहे की आणखी काय लिहायचे, असे कुणालाही वाटेल. कुस्तीची मैदाने, चित्त्यांची शिकार, वसतिगृहे, वेदोक्ताचा वाद, मागासांसाठी राखीव जागा हे सारे शाळेतल्या मुलांनाही तोंडपाठ असते. पावसाची आणि पाण्याची गोष्ट मात्र बहुतेक चरित्रांत एखाद्या प्रकरणात उरकलेली आढळते. मला त्यांच्या आयुष्याकडे याच बाजूने पाहायला आवडते, कारण कबनूरसारख्या गावाच्या वाट्याला महाराज आले ते याच बाजूने.

कोल्हापूर जिल्हा नकाशावर लहान दिसतो, पण पावसाने त्याचे दोन देश केले आहेत. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा आहे, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेकडे निघालात की दर दहा-पंधरा किलोमीटरला पाऊस उतरत जातो. कोल्हापुरात तो हजाराच्या घरात येतो, हातकणंगल्याकडे आणखी आटतो आणि शिरोळात पाचशेवर येऊन थांबतो. शंभर किलोमीटरच्या आत दहापट फरक! ढग सह्याद्रीला अडतात, तिथेच बहुतेक ओझे उतरवतात आणि आमच्या डोक्यावरून रिकामे होऊन पुढे जातात. कबनूर या उताराच्या कोरड्या टोकाकडे. म्हणून आमच्याकडे एक विचित्र दृश्य दर जुलै-ऑगस्टात दिसते. गावात लख्ख ऊन पडलेले असते, वाळत घातलेली चादर कोरडी खडखडीत असते आणि दोन-तीन कोसांवर पंचगंगा मात्र पात्र सोडून शेतात शिरलेली असते. पाऊस त्यांचा, पूर आमचा. आणि शिमगा आला की ते पाणी केव्हाच कृष्णेतून पूर्वेला निघून गेलेले असते.

सरकारी नोंदीनुसार शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, म्हणजे ऐन आर्द्रा नक्षत्रातला. कागलच्या घाटगे घराण्यातले ते यशवंतराव. आई राधाबाई त्यांच्या अगदी लहानपणी गेल्या. मार्च १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते आणि पुढे दोनच वर्षांत वडील जयसिंगरावही गेले. शिक्षणासाठी त्यांना राजकोटला पाठवले आणि नंतर फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली धारवाडला ठेवले. काठेवाड म्हणजे पावसाने कायम हात आखडता घेतलेला मुलूख. धारवाड त्याच्या उलट नाही, पण आमच्यासारखेच पावसाच्या उतारावर बसलेले. तिथून पश्चिमेला गेले की जंगल, पूर्वेला गेले की माळ. वाढत्या वयात या दोन्ही मुलखांतून त्यांची नजर फिरली. पाणी आणि रयत यांचे नाते त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसणार, असे मला वाटते.

एप्रिल १८९४ मध्ये, विसाव्या वर्षात असताना त्यांनी कारभार हाती घेतला. पुढच्याच वर्षी शाहूपुरी वसवून गुळाची पेठ सुरू केली. ती आजही कोल्हापूरचे नाव गुळाशी जोडून ठेवते. सगळे नीट चालले आहे असे वाटत असतानाच १८९६ साल उजाडले. त्या वर्षी दख्खनभर पावसाने लवकर पाठ फिरवली. ज्या उत्तरा-हस्ताच्या भरवशावर शेतकरी रब्बी धरतो, तीच नक्षत्रे कोरडी गेली.

दुष्काळाची पहिली चाहूल शेताआधी परड्याला लागते, हे बायकांना विचारा. विहिरीचे पाणी खाली गेले की प्यायला आणि जनावरांना आधी, भाजीला शेवटी. ताटातली पालेभाजी आधी नाहीशी होते, मग डाळ पातळ होते आणि भाकरी कमी होते ती त्यानंतर. बावीस वर्षांच्या राजाने त्या वर्षी संस्थानात फिरून हे चुलीपर्यंत पाहिले. बाहेरून धान्य आणवून स्वस्त दराची दुकाने उघडली, शेतकऱ्यांना तगाई दिली, जनावरांसाठी संस्थानची जंगले मोकळी केली, रस्ते-तलावांची कामे काढून हातांना मजुरी दिली. कामावर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी सांभाळण्याची सोयही केली. मला या सगळ्यात ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आयांचे हात मोकळे झाल्याशिवाय दुष्काळी काम म्हणजे कागदावरची दया, हे त्या वयात कळायला मन फार जागे असावे लागते. दुष्काळ सरतो न सरतो तोच प्लेग आला, आणि १८९९ मध्ये पावसाने पुन्हा दगा दिला.

एकामागून एक असे फटके बसल्यावर राजाने काय करावे? होमहवन करणारे राजे तेव्हा होते, सारा माफ करून हात झटकणारेही होते. साऱ्यात सूट महाराजांनीही दिली, पण त्यांच्या डोक्यात वेगळेच घोळत होते. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला जाऊन आले. त्याच वर्षी राखीव जागांचा तो प्रसिद्ध जाहीरनामा निघाला, आणि त्याच वर्षी संस्थानचे पाटबंधाऱ्यांचे धोरणही ठरले. पहिल्याची जयंती-पुण्यतिथीला आठवण निघते, दुसऱ्याची सहसा निघत नाही. संस्थानातल्या विहिरी किती, तलाव किती, कोणते गाळाने भरले, कोणते दुरुस्त होतील, याची पाहणी झाली. गावोगावच्या कामांना संस्थानची मदत मिळू लागली.

पण विहीर म्हणजे शेवटी तिथल्याच पावसाची ठेव. पूर्वेकडच्या पट्ट्यात मुळात पाऊसच तुटपुंजा, तर विहीर तरी किती देणार? पश्चिमेचा पाऊस पूर्वेच्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवायचा, तर तो जिथे पडतो तिथेच अडवायला हवा. या विचारातून भोगावती नदीवर, दाजीपूरच्या जंगलाच्या पायथ्याशी धरण बांधायचे ठरले. मुलीच्या नावावरून तिथल्या वसाहतीचे नाव राधानगरी ठेवले. ते त्यांच्या आईचेही नाव होते. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव दिले. आई, मुलगी आणि पत्नी, तिघींची नावे एका पाण्याला! १९०९ मध्ये काम सुरू झाले. आपल्याकडे इंग्रज सरकार मोठी धरणे बांधत होते खरे, पण कोल्हापूरच्या आकाराच्या संस्थानाने स्वतःच्या तिजोरीवर असा घाट घालणे, हे धाडस होते. भोगावती प्रयाग चिखलीला इतर नद्यांना मिळते, त्यांची पंचगंगा होते, ती कोल्हापूरला वळसा घालून पूर्वेला येते आणि इचलकरंजीवरून पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. म्हणजे राधानगरीला अडवलेला थेंब एप्रिलमध्ये सोडला की तो आमच्या दारावरून जाणार.

शेतीचा नाद महाराजांना धरणापुरता नव्हता. पन्हाळ्यावर त्यांनी चहा-कॉफीची लागवड करून पाहिली. १९१२ मध्ये शेतीसाठी संस्था काढली, नवी अवजारे आणि नवे बियाणे लोकांना पाहायला मिळावे म्हणून प्रदर्शने भरवली. चहाचे मळे टिकले नाहीत. पण करून पाहायचे आणि नाही जमले तर सोडायचे हा खाक्या परडे करणाऱ्याला ओळखीचा वाटेल. इकडे इचलकरंजीच्या जहागिरीत नारायणराव घोरपड्यांच्या पाठबळावर विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला होता. आमच्या परड्यांतल्या पानांवर आज जो कापसाचा बारीक कोंडा बसतो, त्याची सुरुवात तिथली. पाने धुऊन घेतल्याशिवाय आमच्याकडे पालेभाजी चिरत नाहीत.

आता त्या चार घागरींकडे पुन्हा वळू. पाणी विहिरीत आहे एवढ्याने भागत नाही. ते शेंदायला विहिरीवर जाता आले पाहिजे. त्या काळी गावाच्या एका मोठ्या भागाला ते जाता येत नव्हते. विहिरीपासून दूर उभे राहायचे आणि कुणी वरून ओतेल तेवढे भांड्यात घ्यायचे. अशा घरातल्या बाईने प्यायला पाणी आणायचे की वांग्याच्या रोपाला? ज्या वस्तीला पाण्याचा हक्क नाही तिच्या मागे परडे नसते. परसातल्या भाजीवर आपण कौतुकाने लिहितो तेव्हा ही गोष्ट सोयीने विसरतो. पावसाने केलेला भेद सह्याद्रीचा असतो, हा भेद माणसांनी केलेला होता. महाराजांच्या कारभारातली शेवटची चार-पाच वर्षे मला म्हणूनच धरणाच्या कामाचा पुढचा भाग वाटतात.

गंगाराम कांबळे यांची हकिकत कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे, तरी इथे सांगायलाच हवी. ते महाराजांच्या तबेल्यात नोकर होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारले गेले. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगाराम सोनतळीच्या छावणीवर जाऊन त्यांना भेटले. पाठीवरचे वळ पाहून महाराजांचा संताप अनावर झाला. मारणाऱ्यांना शिक्षा झाली आणि गंगारामांना त्यांनी नोकरीतून मोकळे केले, ते स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक येईना. महार माणसाच्या हातचे पाणी कोण पिणार? मग महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबू लागली. राजा चहा मागवी, स्वतः पिई आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजी. फर्मान काढून जे झाले नसते ते एका कपाने सुरू केले.

फर्मानेही निघाली. १९१८ मध्ये महार वतन रद्द करून त्या जमिनी वतनदारांच्या नावे रयतावा केल्या. आता जमीन गावकीच्या राबणुकीचा मोबदला राहिली नाही, स्वतःची झाली. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांत शिवाशिव पाळायची नाही असा हुकूम झाला. मुंबई इलाख्यात चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला तेव्हा अजून आठ वर्षे अवकाश होता. आणि मार्च १९२० मध्ये आमच्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात ती ऐतिहासिक परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण बाबासाहेब आंबेडकर. महाराज स्वतः तिथे गेले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचे त्यांनी जमलेल्यांना सांगितले. माणगाव कबनूरहून फार लांब नाही. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात या रस्त्याने कधी गेलात तर ऊन कसे असते ते कळेल. त्या उन्हात माणसे गावोगावाहून चालत आली होती.

हुकूम निघाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सर्व विहिरी खुल्या झाल्या, असे मी म्हणणार नाही. गावे इतक्या लवकर बदलत नाहीत. कित्येक ठिकाणी विहिरीपेक्षा नळ आधी आला आणि नळामुळे जे झाले ते हुकमामुळे झाले नाही. पण राजाने लेखी सांगितले होते, हे सांगायला एक आधार झाला.

धरणाचे मात्र दैव आडवे आले. पहिल्या महायुद्धाने लोखंड, सिमेंट, यंत्रे, मजुरी साऱ्यांचे भाव चढले. तिकडे लंडनमध्ये १९१७ साली अन्नाची इतकी टंचाई झाली की खुद्द बादशहाच्या राजवाड्यासमोरच्या ताटव्यांतली फुले काढून बटाटे आणि कोबी लावले गेले. इकडे कोल्हापूरच्या तिजोरीत धरणासाठी पैसा उरला नाही. सुमारे चौदा लाख रुपये खर्चून, भिंत चाळीस फुटांवर आल्यावर १९१८ मध्ये काम थांबले. आणि नेमके त्याच वर्षी हिंदुस्थानभर मोसमी पाऊस असा फसला, की अशी वर्षे शतकात मोजकीच सापडतील. पाठोपाठ इन्फ्लुएंझाची साथ आली. त्याच १९१८ मध्ये महाराजांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत अपघाताने गेला. एका वर्षात किती सोसावे माणसाने! वतने रद्द करण्याचा तो निर्णयही याच वर्षातला आहे, हे तारखा शेजारी ठेवून पाहिले की मन थक्क होते. घरात सुतक असताना त्यांनी काम थांबवले नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ४७. त्या वेळी राधानगरीची भिंत अर्धवट उभी होती. दर पावसाळ्यात भोगावतीचे पाणी तिच्यामागे थोडे अडत होते, बाकीचे निघून जात होते. मे महिना म्हणजे वळवाचा. मृगाला अजून महिना होता.

धरण पुरे झाले १९५७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी. तोवर संस्थान गेले होते, कोल्हापूर मुंबई राज्यातला एक जिल्हा झाला होता. आज त्या जलाशयात साडेआठ टीएमसीच्या आत-बाहेर, म्हणजे साडेतेवीस हजार कोटी लिटरांच्या आसपास पाणी मावते. धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात, वीज लागत नाही, माणूस लागत नाही. जुलै-ऑगस्टात किती दरवाजे उघडले याची बातमी आली की आमच्याकडे नदीकाठची माणसे जनावरे हलवायच्या तयारीला लागतात. आणि पावसाळा सरला की नदीवरच्या बंधाऱ्यांना बरगे घालतात, पाणी अडते, धरणातून ठरावीक मुदतीने पाणी सुटत राहते. पुढे साऱ्या महाराष्ट्राने उचललेला हा बंधारा कोल्हापुरी या नावानेच ओळखला जातो.

हे पाणी भाजीला किती आणि उसाला किती, असे विचाराल तर उत्तर फारसे गोड नाही. ज्या गुळाच्या पेठेने कोल्हापूर मोठे झाले, त्याच उसाने नदीचे बहुतेक पाणी आपल्याकडे ओढले. उसाने पैसा आणला, शाळा-कॉलेजे आणली, हे खरेच आहे. पण घरामागे चार वाफे असावेत ही सवय त्यात मागे पडली. इचलकरंजी-कबनूरकडे तर जागेची चणचण. परड्याच्या जागी मागांची शेड उभी राहिली, दुचाकी लावायला फरशी आली. त्यातून पंचगंगेचे पाणी गेल्या काही दशकांत काय झाले आहे ते सर्वांना माहीत आहे. नळाला पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा. घरात पिंपे भरून ठेवायची आणि भाजीला कपबशीने मोजून घालायचे, अशी उन्हाळ्यात गत होते.

तरी परडे अगदीच गेलेले नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे, यांनी प्रयोग परिवार उभा करून दहा गुंठ्यांत एक कुटुंब चांगले जगू शकते हे मांडले. गच्चीवरसुद्धा पालापाचोळ्यातून माती तयार होते आणि त्या मातीत भाजी पिकते, हे त्यांनी आणि त्यांच्या मागून अनेकांनी दाखवले. उन्हाळ्यात वाफ्यावर उसाच्या पाचटाचा वीतभर थर टाकून पाहा. माती सावलीत राहते, ओल लवकर उडत नाही आणि चार घागरींची गरज तीनवर, नीट केले तर अडीचवर येते. पाणी पिऊन टाकणाऱ्या उसाकडून एवढी तरी भरपाई घ्यावी! सांडपाणी साबणाचे नसेल तर ते अळू-केळीकडे वळवावे. गवारी आणि भेंडी तहान सोसतात, काकडी सोसत नाही. म्हणून एप्रिलमध्ये काकडी एका आळ्यापुरतीच ठेवावी. वळवाच्या गारांनी फुले झडली तर मन खट्टू करू नये, वेल पुन्हा फुलतो.

एकदा मुद्दाम कोल्हापूरला जाऊन पंचगंगेच्या बाजूला नर्सरी बागेत फिरून या. गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांनी महाराजांच्या निधनानंतर त्यांचे स्मारक उभारले ते याच बागेत. राजवाड्यापुढे नाही, चौकातही नाही. चहाच्या त्या हॉटेलवाल्याला ती जागा का सुचली असेल याचा मी बरेचदा विचार करतो. आपली समाधी नर्सरी बागेत व्हावी ही महाराजांचीही इच्छा होती, असे सांगतात. ती पुरी व्हायला धरणापेक्षाही जास्त वर्षे लागली. समाधीस्थळ लोकांसाठी खुले झाले ते जानेवारी २०२० मध्ये.